काचेवरचा थर, चाळीतला कांदा

लासलगावच्या बाजारात लाल कांदा येतो तो शेतातून थेट ट्रॉलीत. उन्हाळ कांद्याचं तसं नाही. मार्च-एप्रिलमध्ये काढलेला हा कांदा चाळीत जातो आणि भावाची वाट पाहत दिवाळीपर्यंत तिथंच राहतो. तेवढ्या महिन्यांत वजनघट, सड आणि कोंब मिळून तीस-चाळीस टक्के माल हातचा जाऊ शकतो. सड तर थराच्या पोटात सुरू होते. वरून पाहणाऱ्याला कळते तेव्हा खालच्या फळ्यांतून पाणी गळायला लागलेलं असतं.

त्यामुळे सड आधी ओळखणारं यंत्र हा इथे हिशेबाचा विषय आहे. लासलगावच्याच कल्याणी शिंदे यांनी ‘गोदाम इनोव्हेशन्स’च्या माध्यमातून साठवणुकीतलं तापमान, आर्द्रता आणि वायू यांवर नजर ठेवणारी यंत्रणा तयार केली, तेव्हा वास मोजून कांदा वाचवता येईल ही कल्पना गावात रुजली. त्यापुढचा प्रश्न असा : अशा यंत्राच्या पोटात बसणारा सेन्सर, म्हणजे काचेवरचा काही नॅनोमीटरचा थर, तालुक्याच्या महाविद्यालयात बीकर आणि शेगडीवर बनवता येतो, पण तसा बनवावा का?

खालचे दोघे कल्पनेतले आहेत. मामा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत उपकरणं दुरुस्त करण्यात नोकरी घालवून आता कांदा पिकवतात. भाची पदार्थविज्ञान शिकवते आणि उरलेल्या वेळात फिल्म बनवते.

मामा : तुझ्या कामाचं मला कौतुक आहे, पोरी. पण स्वस्तात बनते म्हणतेस, तर हिशेब मागणार. काय लागतं, किती लागतं, सांग.

भाची : चार बीकर, एक शेगडी, काचपट्ट्या. पहिल्या बीकरात झिंक सल्फेटचं द्रावण. त्यात अमोनिया घालत गेलं की आधी पांढरा साका येतो, आणखी घातला की तो विरघळून द्रावण पुन्हा नितळ होतं. दुसऱ्या आणि चौथ्या बीकरात साधं डिस्टिल्ड वॉटर. तिसऱ्यात तेच, पण नव्वद अंशांच्या आसपास तापवलेलं. पट्टी पहिल्यात पंधरा-वीस सेकंद बुडवायची, जस्ताचे आयन काचेला धरतात. सैल धरलेले दुसऱ्यात धुऊन जातात. गरम पाण्यात उरलेल्यांचं झिंक ऑक्साइड होतं. चौथ्यात पुन्हा धुवायचं. झाली एक फेरी. पन्नासेक फेऱ्यांनंतर काच तिरकी धरली की दुधी झाक दिसते. मग भट्टीत तापवायची. ना निर्वात पंप, ना स्पटरिंगचं यंत्र.

मामा : हे तुझ्या डोक्यातून आलेलं?

भाची : छे. याला सिलार म्हणतात. निकोलाऊ यांनी १९८५ मध्ये फ्रान्समध्ये ही पद्धत मांडली. आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. सी. डी. लोखंडे यांच्या गटानं ती आणि तिची बहीण, रासायनिक स्नान पद्धत, इतकी घोटली की २००४ साली धातूंच्या चॅल्कोजेनाइडसाठी, म्हणजे सल्फाइड-सेलेनाइडसारख्या संयुगांसाठी, सिलारचा आढावा घेणारा लेख तिथूनच निघाला. तिथंच डॉ. पी. एस. पाटील यांनी स्प्रे पायरोलिसिसवर काम केलं : तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारायचा, पाणी उडून जातं, ऑक्साइड राहतं. महागडी यंत्रं नसलेल्या कितीतरी महाविद्यालयांना या पद्धतींमुळे संशोधन करता आलं.

मामा : ते मान्य. पण बाजारात जा. एमक्यू-१३५ नावाचा वायूचा सेन्सर शे-दोनशे रुपयांत मिळतो. टिन ऑक्साइडचा थर, आत तापक, वर जाळी. तुझी पट्टी किती रुपयांची?

भाची : माल धरला तर पाच-दहा रुपयांची.

मामा : माल कोण विचारतंय? तुझा अर्धा दिवस धर. भट्टीची वीज धर. फिल्म खरंच झिंक ऑक्साइडची झाली का, हे बघायला एक्स-रे विवर्तनाला नमुना बाहेरगावी पाठवतेस, ती फी धर. कण किती बारीक ते बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी, त्याची वेगळी. तारा जोडल्या, डबी केली. आता सांग, कारखान्यात लाखांनी निघणारा नग स्वस्त की तुझा?

भाची : किमतीत कारखाना जिंकला. तिथं मी वाद घालत नाही.

मामा : मग संपलं की.

भाची : संपलं नाही. तो शे-दोनशेचा सेन्सर कांद्यासाठी बनवलेलाच नाही. त्याचा जन्म बघा. १९६२ च्या सुमारास जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या सेन्सरचं पेटंट घेतलं. घरोघरी गॅस सिलिंडर आले होते, गळतीनं स्फोट होत होते. त्यांना ओरडणारा पहारेकरी हवा होता. बारीक फरक सांगणारा जाणकार नको होता. एमक्यू त्याच कुळातला. अमोनिया, अल्कोहोल, धूर, बेंझीन, सगळ्यांना तो एकाच आवाजात ओरडतो.

मामा : ओरडतो कसा, ते सांग. वाचणाऱ्यांनाही कळू दे.

भाची : टिन ऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड तापलेलं असलं की हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर बसतो आणि फिल्ममधले इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो. वीज वाहायला इलेक्ट्रॉन कमी, म्हणून रोध जास्त. मग अमोनिया किंवा हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू आला की तो त्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात, रोध उतरतो. आपण तो उतार मोजतो. कण जितके बारीक तितका पृष्ठभागाचा वाटा मोठा, म्हणून नॅनो. त्यात जादू काही नाही.

मामा : ‘तापलेलं असलं की’ म्हणालीस, तिथं थांब. एमक्यूचा तापक ०.८ वॅटच्या घरात खातो. चोवीस तासांचे १९ वॅट-तास झाले. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी लावली तर तिच्यात सगळे मिळून ८४ वॅट-तास. एका सेन्सरवर चार दिवसांत बसली. चाळीत दहा ठिकाणी लावायचे म्हटले तर अर्धा दिवससुद्धा नाही. शेतीच्या फिडरला आठ तास वीज, तीही कधी रात्रीची. आणि तुझ्या झिंक ऑक्साइडलाही तापवावंच लागणार.

भाची : लागणार. म्हणूनच पाककृती आपल्या हातात असण्याला किंमत आहे. विकत आणलेल्या सेन्सरचा थर मी बदलू शकत नाही, माझा बदलू शकते. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात डॉ. एल. ए. पाटील यांच्या प्रयोगशाळेत, आपल्या चांदवडला, मालेगावला असं बरंच काम झालं आहे. तयार थर तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात काही मिनिटं बुडवतात आणि पुन्हा भाजतात. पृष्ठभागावर कॉपर ऑक्साइडचे बेटासारखे ठिपके राहतात. टिन ऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइड शेजारी आले की दोघांमध्ये विजेला आडकाठी तयार होते. गंधकाचा वायू, हायड्रोजन सल्फाइड, आला की कॉपर ऑक्साइडचं कॉपर सल्फाइड होतं. ते धातूसारखं वीज वाहून नेतं. आडकाठी मोडते, रोध धाडकन कोसळतो. तापमानही कमी पुरतं. सडक्या कांद्याचा वास मुळात गंधकाचाच. अख्ख्या, निरोगी कांद्यात गंधकाची संयुगं आणि त्यांना फोडणारं विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पेशी फुटल्या की दोन्ही एकत्र येतात. तुम्ही चिरता तेव्हा तेच होतं, सड लागते तेव्हाही तेच.

मामा : कागदावर झकास. तुमचे शोधनिबंध मीही चाळलेत. बंद काचेच्या हंडीत मोजून वायू सोडायचा, फिल्म दोन मिनिटांत प्रतिसाद देते, आलेख चढतो, खाली लिहायचं ‘अत्यंत संवेदनशील’. आता आमची चाळ बघ. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, खाली मोकळी, बाजूंना बांबूच्या पट्ट्या, मधून वारा खेळला पाहिजे अशीच तिची रचना. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयानं सुधारित चाळीचे नमुने दिले, त्यांतही सगळा भर हवा खेळती ठेवण्यावर. म्हणजे ज्या वाऱ्यानं कांदा टिकतो, तोच वारा तुझा वायू घेऊन जातो. तुझी फिल्म हुंगणार काय?

भाची : फिल्म वाऱ्यात टांगायचीच नाही. भोकं पाडलेला पीव्हीसीचा पाइप चाळ भरतानाच थराच्या मध्यावर उभा ठेवायचा, फिल्म त्याच्या आत. सड सुरू होते तिथंच मोजायचं. दिवसभर मोजायचीही गरज नाही. सड तासाभरात पसरत नाही. पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हा पाच-दहा मिनिटं तापक चालू, नोंद, बंद. तुमच्या बॅटरीचं गणित तिथं बदलतं.

मामा : बरं. पण आषाढात हवेत पाणी किती असतं? बाष्पालाही तुझी फिल्म वायूच समजते.

भाची : समजते. पाण्याच्या वाफेनंही रोध उतरतो, हे खरं दुखणं आहे. म्हणून एकट्या आकड्यावर विसंबायचं नाही. चाळीच्या पाच खणांत पाच पाइप. पाऊस पाचही खणांवर सारखाच पडतो. चार खणांत रोध जेवढा उतरला त्याहून पाचव्यात जास्त उतरला, तर पाचव्यात काहीतरी आहे. हवेत किती पीपीएम वायू आहे हे मला सांगायचंच नाही. कोणता खण आधी बघायचा, एवढंच सांगायचं आहे.

मामा : हे पहिलं बोलणं मला पटलं. पण त्यासाठी पाचही फिल्म सारख्या हव्यात. तुझ्या हातच्या दहा पट्ट्या मांडल्या तर दहाही सारखा रोध दाखवतील?

भाची : नाही. एकाच दिवशी बुडवलेल्यांमध्येही फरक पडतो. पट्टी तिरकी गेली, पाणी दोन अंशांनी थंड झालं, द्रावण जुनं झालं, की जाडी बदलते.

मामा : तिथंच सगळं अडतं बघ. आमच्याकडे वायूचं उपकरण आलं की आम्ही आधी त्याच्यावर विश्वास ठेवायचोच नाही. ठरावीक वायूची बाटली जोडायची, आकडा जुळवायचा, तारीख टाकायची, काही महिन्यांनी पुन्हा तेच. सेन्सर शंभराचा आणि त्याला खरं बोलायला लावणारा सिलिंडर हजारोंचा. नाकापेक्षा मोती जड. शिवाय या फिल्म म्हाताऱ्या होतात. काही आठवडे तापून-निवून कण एकमेकांना चिकटतात, सुरुवातीचा रोध सरकतो. सरकलेला आकडा आणि सडलेला कांदा, दोघांत फरक कोण सांगणार? मोठा कारखाना स्वस्तात विकतो तो माल स्वस्त मिळतो म्हणून नव्हे. हजारावा नग पहिल्यासारखा निघतो म्हणून.

भाची : तुमचा मुद्दा खरा आहे, आणि त्यावर उपायही आहे. हात काढून टाकायचा. थ्रीडी प्रिंटरमधली छोटी स्टेपर मोटर पट्टी सरळ, ठरल्या वेगानं बुडवते. नाहीतर स्क्रीन प्रिंटिंग. ऑक्साइडची पूड, थोडी काचपूड, इथाइल सेल्युलोज आणि एखादं तेलकट द्रावक घोटून पेस्ट करायची, जाळीच्या चौकटीतून स्क्वीजीनं ॲल्युमिनाच्या वडीवर ओढायची, वाळवायची, भाजायची. लग्नपत्रिका आणि पिशव्या छापणाऱ्या कुठल्याही छापखान्याला हे काम नवं नाही, शाई तेवढी वेगळी. एका ओढीत पन्नास ठसे उठतात आणि ते पन्नास एकमेकांना पुष्कळ जवळचे असतात.

मामा : छापून सेन्सर? बाजारात चालतो का असा?

भाची : तुमच्या कपाटात आहे. साखर तपासायची पट्टी! तिच्यावरचे कार्बनचे पट्टे सहसा स्क्रीन प्रिंटिंगनंच छापतात. एकदा वापरली की टाकायची, म्हणून म्हातारी व्हायचा प्रश्न नाही. आणि दरेक पट्टी न तपासता घाण्यातल्या काही तपासून सगळ्या घाण्याचा आकडा ठरवतात. जुन्या यंत्रांत डबीवरचा कोड टाकावा लागायचा तो त्यासाठीच.

मामा : पण तिच्यात साखरेलाच ओळखणारं विकर असतं. तुझ्या फिल्मला तसं नेमकं नाक नाही. आणि ती पट्टी महाविद्यालयात बनत नाही, अब्जावधींनी कारखान्यात बनते. उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंस.

भाची : अर्धं तुमच्या, अर्धं माझ्या. छापायची पद्धत कमी खर्चाची आहे म्हणूनच ती पट्टी एकदा वापरून टाकायला परवडते.

मामा : आता दुसरी गोष्ट. तुमच्या लोकांनी रासायनिक स्नानानं कॅडमियम सल्फाइडच्या, लेड सल्फाइडच्या फिल्म भरपूर केल्या. पिवळ्याधमक, काळ्याकुळकुळीत, फोटोत छान दिसतात. काचेवर कणभर बसतं, बाकीचं बीकरात उरतं. कॅडमियमचं ते पाणी कुठं जातं? मोरीत गेलं तर पुढं नाल्यात, नाल्यातून विहिरीत. प्रदूषण नियंत्रणाचा खर्च कारखान्याला धरावा लागतो, तुम्ही तो धरतच नाही. मग तुमचं स्वस्त कसलं? कुणीतरी दुसरा त्याचं बिल भरतोय, इतकंच.

भाची : याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि असू नये. कॅडमियम आणि शिसं चाळीसाठी मी हातातच घेणार नाही. खाण्याच्या वस्तूजवळ तर नाहीच. जस्त, कथील, तांबं पुरेसं आहे. उरलेल्या द्रावणातला धातू साका करून वेगळा काढायचा, गोळा करून ठेवायचा, हे कामाचाच भाग धरायला हवं. पण तुमच्या आक्षेपांची यादी केली की मला भलतंच सुचतं. तापक नको, म्हातारपण नको, आकडा नेमका नसला तरी चालेल, हंगामापुरतं टिकलं तरी पुरे. मग मेटल ऑक्साइड सोडून चांदी का नको?

मामा : चांदी? आता सराफाकडं पाठवतेस की काय!

भाची : ऐका तर. गंधकाच्या वायूनं चांदी काळी पडते. सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया आणि ग्लुकोज, बी. एस्सी.ची पोरं टॉलेनच्या चाचणीत परीक्षानळीत आरसा पाडतात, तोच थर काचपट्टीवर पाडायचा. जाडी शंभर नॅनोमीटर धरली तर एका चौरस सेंटिमीटरला चांदी लागते एक दशांश मिलिग्रॅम. गंधक आला की चांदीचं सिल्व्हर सल्फाइड होतं. ते वीज नीट वाहत नाही, म्हणून फिल्मचा रोध चढत जातो. थर जितका पातळ तितकी थोड्याशा काळवंडण्यानंही होणारी वाढ मोठी. तापक लागत नाही. दिवसातून एकदा क्षणभर वीज सोडून रोध मोजायचा. पेन्सिल सेलवर हंगाम निघेल. चाळ रिकामी झाली की पट्टी बदलायची.

मामा : थांब, थांब. हे मला ठाऊक आहे! कंट्रोल रूममध्ये आम्ही तांब्या-चांदीचे कूपन टांगायचो. हवेतल्या गंधकानं इलेक्ट्रॉनिक कार्डं खराब होतात, म्हणून महिनाभर टांगून त्यांच्यावर किती थर चढला ते तपासून घ्यायचं. आयएसए ७१.०४ नावाचं मानक आहे. तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमच्या आत, म्हणजे तुझ्या भाषेत ३० नॅनोमीटर, थर चढला तर हवा सौम्य समजायची. तुझी फिल्म म्हणजे तेच कूपन, फक्त रोज वाचता येणारं.

भाची : म्हणजे पटलं?

मामा : कूपन पटलं. चाळ अजून नाही. हा निफाड तालुका आहे. शेजारी द्राक्षबाग. भुरीसाठी गंधकाची फवारणी झाली की वारा ते कुठं नेईल सांगता येत नाही. तुझी चांदी माझ्या कांद्यावर ओरडेल आणि गुन्हा शेजाऱ्याच्या बागेचा असेल.

भाची : हे मला सुचलं नव्हतं. मग एक पट्टी चाळीबाहेर, वळचणीला टांगायची. फवारणीनं ती आणि आतल्या सगळ्याच काळवंडतील. आतली एकटी काळवंडली तरच सड समजायची.

मामा : आणि ते टॉलेनचं द्रावण धोक्याचं ना?

भाची : साठवलं तर. जुनं झालं की त्यात स्फोट होणारा साका बसतो. लागेल तेवढंच ताजं करायचं, काम झालं की आम्ल घालून निकामी करायचं, उरलेली चांदी परत मिळवायची. हे मी पोरांना आधी शिकवीन, आरसा नंतर. आणि एक स्पष्ट सांगते. सडलेल्या कांद्याचे सगळे वायू चांदीला सारखे काळं करतील असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. हायड्रोजन सल्फाइड नक्की करेल. बाकीच्या संयुगांचं चाळीत मोजूनच कळेल. पण ते तपासायला मला कुणाकडं लाखोंचं अनुदान मागावं लागत नाही. माझ्या लेखी कमी खर्चाच्या पद्धतीची खरी कमाई हीच. चुकीची कल्पना आठवड्यात चुकीची ठरवता येते.

मामा : आता माझ्या मनातलं मोठं दुखणं. लासलगावला विज्ञान काही पहिल्यांदा येत नाही. २००२ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ इथं उभं आहे. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण, कांद्याला ६० ते ९० ग्रे मात्रा, कोंब येत नाही. विज्ञान पक्कं, शंकाच नाही. २००७ मध्ये अमेरिकेला हापूस गेला तो इथूनच विकिरण होऊन. आंब्यानं नाव कमावलं, पण तालुक्यातला बहुतेक कांदा आजही चाळीतच. का? चाळीतून काढा, भरा, न्या, आणा, पुन्हा भरा. हमाली, भाडं, हाताळणीत फुटणारा माल. आणि एवढं करून कोंब थांबतो, सड थांबत नाही. तुझी फिल्म त्याच्या उलट. सड सांगेल, कोंब सांगणार नाही, वजन घटलं ते सांगणार नाही. काजळी धरलेला कोरडा कांदासुद्धा फारसा वास मारत नाही, तो सुटेल. प्रत्येक जण दुखण्याचा एक तुकडा घेऊन येतो आणि पूर्ण औषध आणल्यासारखा बोलतो.

भाची : मी तुकडाच आणते आणि तुकडाच म्हणते. पण ‘कृषक’मधून मी वेगळा धडा घेईन. तिथं कांद्याला यंत्राकडे जावं लागतं. इथं यंत्र कांद्याकडे जातं, तेही चाळ भरतानाच. वेगळी हमाली नाही. शेतकऱ्याच्या आजच्या कामात जे बसत नाही ते कितीही अचूक असो, पडून राहतं.

मामा : बसतं म्हणतेस, पण इशारा मिळाल्यावर पुढं काय? समज, श्रावणात तुझी पट्टी म्हणाली तिसरा खण. चाळ फोडायची म्हणजे बाया लावायच्या, निवड करायची, चांगला वेगळा, गोल्टी वेगळी, सडका बाहेर. पावसात हाताळला की चांगल्यालाही ओल लागते. भाव पडलेला असला तर निवडलेला माल विंचूरला न्यावा की निफाडला की परत भरावा, हा घोर. तुझी पट्टी भावाचं काही सांगत नाही.

भाची : भावाचं कुणीच सांगत नाही. पण आज तुम्ही काय करता? भाव चढला की सगळी चाळ एकदम फोडता. तोवर तिसऱ्या खणातलं पाणी चौथ्यात उतरलेलं असतं. खण माहीत असला तर आधी तेवढाच फोडायचा. पूर्ण चाळीची मजुरी नाही, एका खणाची. मला संपूर्ण चाळीचं भविष्य सांगायचं नाहीये, मजुरी कुठं आधी लावायची ते सांगायचंय.

मामा : माझं नाक तेच सांगतं. सकाळी चाळीखाली वाकून एक चक्कर मारली की कुठं बिघडलंय ते कळतं.

भाची : तुम्हाला कळतं. आणि वास येतो तोवर किती कांदे गेलेले असतात, ते तुम्हीच सांगा. शिवाय मुलगा नाशकात नोकरीला. त्याच्याकडं नाक कुठून येणार?

मामा : हं. मग परीक्षा घेऊ, पण माझ्या नियमानं. पट्ट्या एकाच घाण्यातल्या. प्रत्येकीचा सुरुवातीचा रोध चाळ भरण्याआधी लिहून ठेवायचा. चाळीत ठेवल्यावर रोजचा आकडा तू बघायचा नाहीस आणि मीही नाही, तो वहीत तिसऱ्यानं लिहायचा. मी रोज हुंगून माझा अंदाज वेगळ्या वहीत लिहीन. चाळ फुटेल तेव्हा प्रत्येक खणातला सडका कांदा काट्यावर तोलायचा. मग दोन्ही वह्या उघडायच्या. फिल्म माझ्या नाकाआधी किती दिवस बोलली, आणि बोलली ती खरी का, दोन्ही बघायचं.

भाची : मान्य. त्यात दोन एमक्यूही ठेवू, बॅटरीसकट. कारखान्याचा सेन्सर सरस ठरला तर मी तसं छापीन.

मामा : हे शहाणपणाचं. मला अजूनही वाटतं की शेवटी जिंकणारी फिल्म कारखान्यातच बनेल. तुझ्या बीकरातून पाककृती निघेल, माल नाही.

भाची : निघू दे की. पाककृती कांद्यासाठीची असेल, तर कारखाना कुणाचाही असो. मला मात्र वाटतं की हंगामाला लागतील एवढ्या पट्ट्या तालुक्यातला एखादा छापखाना आणि एक प्रयोगशाळा मिळून काढू शकते. त्यावर आपलं जुळणार नाही.

मामा : नाहीच जुळणार. आणि शेवटचं एक ठरलंच नाही. पट्टीनं खोटा इशारा दिला, मी खण फोडला, आत सगळा माल ठणठणीत निघाला. बायांची मजुरी गेली, कांदा उगाच हाताळला. ते नुकसान कुणाचं?

भाची : पट्टीच्या किमतीत धरायचं. चुकीच्या इशाऱ्याची मजुरी, न मिळालेल्या इशाऱ्याचा सडलेला माल, सांडपाण्याची विल्हेवाट, माझा अर्धा दिवस, सगळं. एवढं धरून एका चाळीमागं जेवढा कांदा वाचला त्याच्यापेक्षा खर्च कमी आला, तरच मी तिला स्वस्त म्हणेन.

मामा : मग लिहून दे. आणि पाच पट्ट्यांनी भागणार नाही, पंधरा आण. तीन खणांत तीन-तीन, दोन खणांत एक-एक, एक बाहेर, तीन माझ्या कपाटात बंद. कपाटातल्या आपोआप सरकल्या तर तुझी फिल्म कांद्याबद्दल काहीच सांगत नव्हती, हे मला त्याच दिवशी कळेल.